उबेचा भाव

श्रीगोंदा तालुक्यात माणसाला राहतं घर तापवावं लागत नाही. थंडीच्या दिवसांत अहिल्यानगरचा पारा अनेकदा दहाच्या खाली उतरतो, तरी दोन गोधड्या, दाराला आडोसा आणि पहाटेची शेकोटी यांवर आपलं भागतं. तापवावी लागते ती पोल्ट्रीची शेड. काष्टी, लिंपणगाव, बेलवंडी, कोळगाव, कुठल्याही रस्त्याने निघालं तरी उसाच्या फडांमध्ये आणि लिंबाच्या बागांशेजारी पत्र्याची लांबट शेड दिसते. हिवाळ्यात तिच्या चारही बाजूंचे पडदे खाली ओढलेले असतात आणि आत काही हजार पिल्लं असतात. एका दिवसाचं पिल्लू जेमतेम 40 ग्रॅमचं. अंगावर पिसं नसतात, नुसती लव असते. शरीराचं तापमान स्वतःचं स्वतः राखण्याची ताकद त्याला पहिले बारा-चौदा दिवस नसते. कोंबडी असती तर तिने पंखाखाली घेतलं असतं. ती नाही म्हणून हे काम शेडवाल्याकडे येतं. याला सगळेच ब्रूडिंग म्हणतात. या धंद्यात वर्षं काढल्यावर नवीन शेड बांधणाऱ्याकडून हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, कोळसा परवडतो की गॅस? माझं म्हणणं असं की या प्रश्नात भाव चुकीच्या वस्तूचा विचारला जातो. कोळशाचा किलोचा भाव आणि सिलिंडरचा नगाचा भाव यांची तुलना होऊ शकत नाही. तुलना करायची ती पिल्लाच्या पाठीपर्यंत पोहोचलेल्या उबेच्या भावाची. ती केली की ज्याला आपण इंधन समजतच नाही असं एक इंधन शेडमध्ये सर्वांत महाग पडत असल्याचं दिसतं.

आधी पैसा कुणाच्या खिशातून जातो ते पाहू, कारण निम्मे वाद तिथूनच निघतात. आपल्याकडची बहुतेक लहान-मध्यम शेड कंत्राटी पद्धतीवर चालते. ही पद्धत 1990 च्या दशकात तामिळनाडूच्या कोइंबतूर-उडुमलपेट पट्ट्यात जम धरून देशभर पसरली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते, सुपरवायझर पाठवते आणि पक्षी तयार झाला की उचलून नेते. शेतकऱ्याने शेड, पाणी, वीज, खाली अंथरायचं तूस, मजुरी आणि ब्रूडिंगचं इंधन घालायचं. बदल्यात वजनाच्या किलोमागे ठरलेला ग्रोइंग चार्ज मिळतो. म्हणजे वरवर पाहता लॉटमधला, एका वेळी आलेल्या पिल्लांच्या खेपेतला, मोठा खर्च खाद्याचा आणि तो कंपनीचा असतो आणि शेतकऱ्याला रोज दिसणारा, रोख मोजावा लागणारा खर्च इंधनाचा असतो. माणूस दिसणाऱ्या खर्चालाच कात्री लावतो. पहिल्या आठवड्यात रात्री दोननंतर शेगडीत कोळसा टाकायचा आळस केला की शंभर-दोनशे रुपये वाचल्यासारखे वाटतात आणि त्याची कुठे नोंद होत नाही. नोंद होते ती पाच-सहा आठवड्यांनी, हिशेबाच्या कागदावर. तोपर्यंत त्या रात्रीचा आणि त्या आकड्याचा संबंध कुणाच्याच डोक्यात राहिलेला नसतो.

उबेचा भाव काढायला फार शिक्षण लागत नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते ती एक किलोकॅलरी. स्वयंपाकाच्या गॅसच्या एका किलोत साधारण 11,000 किलोकॅलरी असतात. चांगल्या लोणारी कोळशात 7,000 च्या आसपास, वाळलेल्या लाकडात 3,500 ते 4,000, भुश्शाच्या दाबलेल्या कांड्यांत, ज्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात, त्यांतही तेवढ्याच. विजेच्या एका युनिटमध्ये 860. आता दर घाला. 2025 च्या उत्तरार्धात दिल्लीत 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर 1,600 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे किलोला 84 रुपये. त्या हिशेबाने हजार किलोकॅलरी साडेसात रुपयांच्या थोड्या वर पडतात. लोणारी कोळसा 40 रुपये किलो धरला तर हजार किलोकॅलरीला पावणेसहा. वीज 8 रुपये युनिट धरली तर सव्वानऊ. पांढरा कोळसा 8 रुपये किलो धरला तर दोन रुपये आणि काही पैसे, पण तो जळतो त्या भट्टीच्या धुराड्यातून निम्मी उष्णता बाहेर जाते हे गृहीत धरलं तर चार-सव्वाचार. हे दर सगळीकडे सारखे नसतात आणि महिन्याला बदलतात, तेव्हा प्रत्येकाने आपल्या गावचा दर घालून हाच भागाकार करावा. पाच मिनिटांचं काम आहे. किलोला 40 आणि 84 असे आकडे ऐकल्यावर कोळसा गॅसच्या निम्म्यात पडतो असं वाटतं. उबेच्या मापाने मोजलं की दोघांतला फरक पाव हिश्शावर येतो.

याच तराजूत आता खाद्य घालून पाहा. पिल्लांच्या प्री-स्टार्टर खाद्यात किलोमागे साधारण 3,000 किलोकॅलरी असतात. खाद्य 40 रुपये किलो धरलं तर हजार किलोकॅलरीला सव्वातेरा रुपये पडतात. गॅसपेक्षा, विजेपेक्षा, सगळ्यांपेक्षा महाग. आणि शेड गार पडली की पिल्लू नेमकं हेच इंधन जाळतं. मांस धरण्यासाठी खाल्लेला दाणा ते अंग गरम ठेवण्यात घालवतं. पाच हजारांच्या लॉटमध्ये प्रत्येक पिल्लाने पहिल्या आठवड्यात नुसते 10 ग्रॅम जरी असे जाळले, तरी 50 किलो खाद्य गेलं, म्हणजे 2,000 रुपये, आणि त्यातून मिळाली दीड लाख किलोकॅलरी. तेवढ्याहून जास्त, दोन लाख नऊ हजार, गॅसच्या एका 1,600 रुपयांच्या सिलिंडरमध्ये होती. गारठा जास्त झाला तर मात्र पिल्लू खातही नाही. ते कोपरा धरतं, एकमेकांवर चढतं आणि खालची गुदमरून मरतात. सकाळी दिसते ती मरतूक मोजता तरी येते. जी जगली पण दोन दिवस खाद्याच्या भांड्याकडे फिरकली नाहीत, ती शेवटपर्यंत मागे राहतात आणि सगळ्या लॉटचं वजन लहान-मोठं निघतं. चांगल्या लॉटचं पिल्लू सातव्या दिवशी जन्माच्या वजनाच्या चौपट ते साडेचारपट भरलं पाहिजे, हा सगळ्यांना माहीत असलेला दाखला आहे. तो चुकला की पुढे कितीही चांगलं खाद्य घातलं तरी ते अंतर पुरतं भरून निघत नाही.

खाद्य कंपनीचं आहे, आपल्याला काय, असं यावर कुणी म्हणेल. म्हणतातही. पण ग्रोइंग चार्ज ठरतो उत्पादनखर्चावर, आणि त्या खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा. एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं याचा आकडा, म्हणजे एफसीआर, हिशेबाच्या कागदावर ठळकपणे मांडलेला असतो. पाच हजार पक्ष्यांचं दोन किलोप्रमाणे 10,000 किलो वजन निघालं आणि एफसीआर 1.60 ऐवजी 1.62 लागला, तर 200 किलो खाद्य जास्त गेलं, म्हणजे 8,000 रुपये. ते कंपनी सोसत नाही. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की ती चार्जमधून कापून घेते. एफसीआर बिघडायला थंडी हे एकच कारण नसतं, हे मान्य. पिल्लाचा दर्जा, खाद्याची गुणवत्ता, रोगराई, उंदीर-घुशी, सगळं त्यात येतं. पण या सगळ्यांत पूर्णपणे शेडवाल्याच्या हातात असलेली गोष्ट पहिल्या दोन आठवड्यांची ऊब हीच आहे. पिल्लाचा दर्जा आपण ठरवत नाही, पडदा आपण ओढतो.

आता एकेका इंधनाकडे. कोळशाची शेगडी सगळ्यांत जुनी, आणि तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. शेगडी पत्र्याची, गावात कुणीही बनवून देतो. वीज गेली तरी ती विझत नाही. कोळसा साठवता येतो, दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा भाव बदलत नाही. पण ती उघडी जळते आणि शेडमधलीच हवा खाते. पडदे घट्ट, दार बंद, आत दहा-बारा शेगड्या, अशा शेडमध्ये पहाटे शिरलं की डोळे चुरचुरतात आणि डोकं जड होतं. डोळे चुरचुरतात ते तुसातल्या अमोनियाने. डोकं जड होतं ते कार्बन मोनॉक्साइडने, ज्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. पहिल्या आठवड्यात प्राणवायू कमी पडलेल्या पिल्लाच्या हृदयावर आणि फुप्फुसांवर ताण येतो, पण ते तेव्हा मरत नाही. ते मरतं चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पोटात पाणी होऊन, जेव्हा त्याचं बहुतेक खाद्य खाऊन झालेलं असतं. ती मरतूक पाहून शेडवाला औषध विचारतो, सुपरवायझर औषध लिहून देतो, आणि शेगड्या तोपर्यंत धुऊन-पुसून माळ्यावर गेलेल्या असतात. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये महिनाभराचं अंतर पडलं की धंद्यात चुकीचे समज कसे रुजतात, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मजुराने रात्री उबेला म्हणून त्याच शेडमध्ये पथारी टाकली तर धोका नुसत्या पिल्लांपुरता राहत नाही.

कोळशाच्या स्वस्ताईबद्दल आणखी एक सांगायला हवं, हिशेबात ते बसत नसलं तरी. लोणारी कोळसा बहुतेक वेड्या बाभळीचा असतो, आणि तो पाडायच्या भट्ट्यांवर रायगड-ठाण्याकडून उचल घेऊन आलेली कातकरी कुटुंबं हंगामभर राबतात. 40 रुपयांचा भाव ज्यामुळे 40 राहतो त्यात त्यांची मजुरीही आहे. इंधनाचं गणित मांडणाऱ्याने हे निदान माहीत असू द्यावं.

गॅस ब्रूडरचा गुण वेगळा आहे. त्याची तापलेली जाळी किंवा पत्रा खाली किरणं फेकतो, त्यामुळे सगळी हवा तापवल्याशिवाय थेट पिल्लाला ऊब मिळते. म्हणून वरच्या गणितात तो साडेसात रुपयांना पडत असला तरी प्रत्यक्षात कमी गॅसमध्ये काम भागतं. चावी फिरवली की ऊब कमी-जास्त होते, रात्रीत उठून राख झाडावी लागत नाही. पण त्याचे तीन दोष आहेत आणि विकणारा ते सांगत नाही. पहिला पाण्याचा. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त वाफ तयार होते, म्हणजे 19 किलोचा एक सिलिंडर शेडमध्ये तीसएक लिटर पाणी सोडतो. पडदे बंद असतील तर ते पाणी पत्र्याला आतून धरतं आणि पहाटे तुसावर टपकतं. तूस ओलं झालं की अमोनिया. मग लोक म्हणतात गॅसने तूस खराब होतं. तूस गॅसने खराब होत नाही, कोंडलेल्या हवेने होतं. दुसरा दोष थंडीचा. पहाटे चारला, जेव्हा गॅस सर्वांत जास्त लागतो, तेव्हाच सिलिंडर गार पडतो, त्याच्या अंगावर पांढरं दव गोठतं आणि दाब उतरतो. एकाच सिलिंडरवर चार ब्रूडर चालवले की हे व्हायचंच. दोन-तीन सिलिंडर जोडून घेणं हा त्यावरचा उपाय. काही जण सिलिंडरवर गरम पाणी ओततात, तो मात्र नसता उद्योग.

तिसरा दोष भावाचा. आपला देश लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो आणि सौदीच्या दरावर इथला दर हलतो. मे 2022 मध्ये दिल्लीत व्यावसायिक सिलिंडर 2,350 च्या वर गेला होता. त्या दराने हजार किलोकॅलरी सव्वाअकरा रुपयांना पडत होती. तेव्हा गॅस सोडून कोळशाकडे परतणाऱ्यांना दोष देता येत नाही. तरी तो भाव चढलेला असतानासुद्धा खाद्य जाळून मिळणारी ऊब त्याहून महागच होती, कारण मका आणि सोयाबीन पेंडीचे दरही त्याच सुमाराला चढलेले होते. घरगुती लाल सिलिंडर शेडमध्ये लावून काम भागवणारेही आहेत, उगाच नाही म्हणण्यात अर्थ नाही. 2025 च्या उत्तरार्धात साडेआठशेच्या दराने तो किलोला 60 रुपये पडत होता आणि व्यावसायिक 84, म्हणून मोह होतो. पण तो सिलिंडर कायद्याने घरच्या चुलीसाठी आहे. तपासणीत जप्ती होते ते सोडा, शेडमध्ये अपघात झाला तर विमावाला आधी सिलिंडरचा रंग विचारतो.

विजेच्या बल्बांचं प्रकरण लवकर आटोपतं. पिल्लामागे दोन वॉट हा जुना ठोकताळा धरला तर पाच हजार पिल्लांना 10 किलोवॉट लागतात. रात्रीचे चौदा तास म्हणजे 140 युनिट, 8 रुपयांनी 1,120 रुपये एका रात्रीचे. महावितरणच्या दरपत्रकात पोल्ट्रीला शेतीच्याच इतर वर्गात धरलेलं आहे, घरगुती वापराच्या वरच्या टप्प्यांपेक्षा ते बरं. तरी एवढा मंजूर भार किती शेडना असतो? शेतातल्या लाइनवर रात्री थ्री फेज असेल-नसेल, सिंगल फेजवर दाब पडलेला. बल्ब तांबडा होतो आणि ऊब निम्म्यावर येते. शिवाय पिवळा बल्ब आता दुकानात सहज मिळेनासा झाला. त्याच्या जागी लावलेला एलईडी प्रकाश देतो, ऊब देत नाही, हे न कळल्यास थंडीत पिल्लं मरू शकतात. वीज प्रकाशासाठी ठेवावी. पिल्लाला पाण्याचं आणि खाद्याचं भांडं दिसावं एवढंच काम तिला द्यावं.

मला आपल्या भागासाठी धुराडं असलेली बुखारी सर्वांत योग्य वाटते, आणि का ते सांगतो. लोखंडी पिंपाची भट्टी, तिचं तोंड शेडच्या बाहेर, नळकांडं शेडमधून आडवं नेऊन दुसऱ्या टोकाला वर काढलेलं. जाळ बाहेरची हवा घेतो, धूर बाहेर जातो, वाफही बाहेर जाते, आत येते ती फक्त तापल्या पत्र्याची कोरडी ऊब. निम्मी उष्णता धुराड्यातून गेली तरी ती सगळ्यांत स्वस्त पडते, हे वर आलंच आहे. तिच्यात लाकूड चालतं, तुराट्या चालतात, लिंबाच्या छाटणीच्या फांद्या चालतात, पांढरा कोळसा चालतो. साखरपट्ट्यात राहून भुसा मिळायची काय अडचण, असं बाहेरच्याला वाटेल. पण कारखान्यांनी सहवीजनिर्मिती सुरू केल्यापासून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, फुकट राहिलेला नाही. तो बॉयलरमध्ये जळून त्याची वीज विकली जाते आणि त्यालाही भाव आला आहे. शिवाय ताज्या बगॅसमध्ये निम्मं पाणीच असतं, ते उडवण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते. म्हणून सैल बगॅस भट्टीत घालण्यापेक्षा वाळवून दाबलेल्या कांड्या घ्याव्यात. बुखारीचा दोष असा की ती हळू तापते आणि हळू निवते. पिल्लं येण्याआधी पूर्ण एक दिवस, कडक थंडीत दोन दिवस, ती पेटवून ठेवावी लागते, कारण हवेबरोबर जमीन आणि तूसही तापायला हवं. तुसाचं तापमान 28 ते 30 अंश सेल्सिअस नसेल तर वरून कितीही ऊब दिली तरी पिल्लाचे पाय गार राहतात. पहाटेच्या दोन-तीन तासांना बुखारी कमी पडते, तिथे गॅस ब्रूडर जोडीला लावावा. गॅसचा असा मोजका वापर केला तर त्याचा चढा भावही अंगावर येत नाही.

पण इंधन कोणतं, यापेक्षा ते कुठे जळतं याचा परिणाम मोठा असतो, आणि इथे बहुतेक चर्चा थांबते कारण शेड दुरुस्त करण्यात कुणाला रस नसतो. 30 फूट रुंद आणि 170 फूट लांब शेड घ्या. सरासरी उंची 10 फूट. आत 51,000 घनफूट हवा. पाच हजार पिल्लांना पहिले काही दिवस तिसरा हिस्सा जागा पुरते, म्हणजे 1,700 चौरस फूट. तेवढाच भाग आडव्या पडद्याने वेगळा केला आणि साडेसहा फुटांवर ताडपत्रीचं आतलं छत बांधलं, तर तापवायची हवा 11,000 घनफुटांवर येते, पाचव्या हिश्शावर. इंधन पाचव्या हिश्शावर येणार नाही, कारण ऊब भिंती-पडद्यांतूनही जाते. पण निम्म्याच्या आसपास आलं तरी पुष्कळ झालं. छत नसलेल्या शेडमध्ये सगळी ऊब आढ्याला जाऊन बसते. शेडवाला स्वतः छातीच्या उंचीवर टांगलेला तापमापक पाहून 95 डिग्री फॅरनहाइट झाले म्हणून निर्धास्त असतो, आणि पिल्लू ज्या उंचीवर जगतं, म्हणजे जमिनीपासून चार बोटांवर, तिथे 85 असतात. तापमापक खाली बांधायला पैसे लागत नाहीत. पडदा वर बांधून खालून गुंडाळायची पद्धतही अशीच चुकीची. खाली फट राहिली की वारा थेट पिल्लाच्या अंगावर. पडदा खाली पक्का करून वरून वीतभर उघडा ठेवला की वाफ आणि अमोनिया वरून निघून जातात आणि पिल्लाला झुळूक लागत नाही. ऊब वाचवण्यासाठी हवा कोंडायची गरज नसते, हे पटायला लोकांना फार वेळ लागतो.

यावर जुन्या मंडळींचा आक्षेप ठरलेला: आम्ही छत नाही, बुखारी नाही, नुसत्या शेगड्यांवर लॉट काढले, काय बिघडलं? बिघडलं नाही हे खरं. पण तेव्हाचा पक्षी दोन किलो व्हायला आजच्यापेक्षा बराच जास्त काळ घ्यायचा. पहिला आठवडा मागे पडला तरी पुढे भरून काढायला वेळ होता. आजचा ब्रॉयलर पाच आठवड्यांच्या आसपास दोन किलो होतो. त्याच्या आयुष्याचा पाचवा हिस्सा ब्रूडिंगच्या पहिल्या आठवड्यातच संपतो. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पक्ष्याला प्राणवायूही जास्त लागतो, म्हणून शेगडीचा धूर त्या काळच्या पक्ष्याने जितका सोसला तितका हा सोसत नाही. जुना अनुभव खोटा नाही, तो दुसऱ्या पक्ष्याचा आहे.

दुसरा आक्षेप भांडवलाचा, आणि तो मला जास्त वजनाचा वाटतो. बुखारी, नळकांडं, छताची ताडपत्री, ब्रूडर, जोडसिलिंडरची नळी, हे सगळं एकदम घ्यायचं म्हटलं की एका लॉटचा बराच चार्ज त्यात जातो, आणि पुढचा लॉट कंपनी कधी देईल याची खात्री नसते. अशा माणसाला गॅस घे, छत बांध असं सांगणं सोपं आहे. म्हणून क्रम लावावा लागतो. आधी तापमापक आणि पडदे, त्यांना जवळपास खर्च नाही. मग आडवा पडदा आणि छत, ते एका हिवाळ्यात इंधनात निघतं. बुखारी त्यानंतर. तोवर शेगडी वापरावी लागली तर कोळसा बाहेर पूर्ण लाल होऊन धूर संपल्यावरच ती आत न्यावी आणि वरची फट कधीच बंद करू नये. लाल झालेल्या कोळशातूनही मोनॉक्साइड निघतोच, म्हणून माणसाने तिथे झोपायचं नाही. ही सक्ती समजावी.

राहिला प्रश्न कंपन्यांचा. ऊब नीट दिल्याने वाचतं ते खाद्य, आणि खाद्य कंपनीचं आहे. मर्यादेच्या आत वाचलेल्या प्रत्येक किलोचा फायदा मुख्यतः तिला होतो, इंधनाचा खर्च मात्र पूर्ण शेतकऱ्याचा. जिथे करारात हिवाळ्याच्या ब्रूडिंगसाठी वेगळी रक्कम धरलेली नाही, तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांच्या लॉटना पिल्लामागे ठरावीक पैसे इंधनासाठी द्यावेत, आणि शेतकऱ्यांनी पुढच्या करारावर सही करण्याआधी ते मागून घ्यावेत. मागताना कोळशाच्या पावत्या दाखवू नका. 1.60 आणि 1.62 मधल्या 200 किलो खाद्याचा हिशेब दाखवा.